तीन पातेल्यांचं हॉटेल

शनिवारी रात्री तलावपाळीच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. शेखरच्या प्रमोशनची पार्टी, घोडबंदर रोडवरचं ते झुंबरवालं हॉटेल आणि तिथलं बिल. आम्ही सगळेच जेवायला होतो, त्यामुळे थेट भांडणालाच सुरुवात झाली.

"मटण कोल्हापुरी गोड होतं," विशाखा म्हणाली.

"गोड नाही गं, क्रीमी. रिच टेस्ट म्हणतात त्याला."

"माझ्या माहेरी मटणात क्रीम ओतणाऱ्याला पंगतीतून उठवतील."

तिचं माहेर कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं. उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेल्या कांदा-लसूण चटणीवर ती वाढली. तिच्यापुढे कोल्हापुरी म्हणून ते गुलाबीसर प्रकरण ठेवणं हा सरळ अपमान होता, आणि मी पूर्णपणे तिच्या बाजूने आहे.

शेखरचं एकच पालुपद. "अरे, पण अँबियन्स बघा ना! त्या भिंतीपुढे फोटो काय आलेत!"

"मग भिंतच चाटायची होती," नाना म्हणाले.

बंटी हॉटेल मॅनेजमेंट करून एका मोठ्या किचनमध्ये राबलेला. त्याने आतली गोष्ट सांगितली. "सकाळीच तीन पातेली चढतात. लाल ग्रेव्ही टोमॅटो, काजू, लोण्याची. पांढरी उकडलेला कांदा, काजू आणि मगजबीची. तिसरी परतलेल्या कांदा-टोमॅटोची. ऑर्डर आली की कढईत दोन डाव घ्यायचे. पनीर टाकलं की बटर मसाला, कोफ्ता सोडला की मलई कोफ्ता, लाल तिखट आणि सुकी मिरची पडली की झालं कोल्हापुरी."

मला आमचं टेबल आठवलं. चार वाडगे, चारही भाज्यांवर तोच तेलाचा तवंग, तीच क्रीमची वेलांटी, तीच कोथिंबिरीची काडी. पनीरचा तुकडा मोडला तर बाहेरून चटका आणि आत फ्रिजचा गारठा. मेनूकार्डावर शंभरावर पदार्थ असतील तर तयार ग्रेव्हीशिवाय इलाज नाही, हे मी समजू शकतो. पण मग 'खास कोल्हापूरहून मागवलेले मसाले' असं छापू नये. ती फसवणूक आहे.

"आणि सर्व्हिस चार्ज?" विशाखाने खरा मुद्दा काढला. "दहा टक्के न विचारता लावले. वर त्या दहा टक्क्यांवरही पाच टक्के जीएसटी."

"सगळीकडेच लावतात गं. वेटर म्हणाला, कंपल्सरी आहे."

"वेटर म्हणाला! ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्येच सांगितलंय की बिलात तो आपोआप लावायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, तर २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानेही तेच सांगितलं. काढा म्हणायचं. नाही काढला तर तिथेच बसून ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ फिरवायचा. आणि तू? मी सांगायच्या आत कार्ड पुढे!"

"चारचौघांत वाद कशाला? बरं दिसतं का?"

या 'बरं दिसतं का'वरच असली हॉटेलं चालतात. आमच्या टेबलावरचा वेटर म्हणजे विशी-बाविशीचं पोर, रात्रभर पळत होता. ते दहा टक्के त्याच्या हातात पडतात याची खात्री कोण देणार? बंटीने निघताना त्याच्या हातात वेगळी नोट ठेवली, ते मला फार आवडलं.

"याला निवडायला दिलं की असंच होतं," नाना पेटले. "अलिबागची सी-व्ह्यू रूम आठवते? खिडकी उघडली की समोर पाण्याची टाकी!"

"टाकीच्या मागे समुद्र होता!"

"टाकीच्या मागे अजून एक टाकी होती," बंटी म्हणाला. मग शेखरने लग्नात घेतलेला कोट निघाला, त्याची नवी गाडी आणि तिचा ईएमआय निघाला. सर्व्हिस चार्ज कुठल्या कुठे राहिला.

तेवढ्यात चहाचे पैसे द्यायला शेखरने पाकीट उघडलं आणि त्यातून एक सोनेरी कागद खाली पडला. विशाखाने तो झडप घालून उचलला. त्याच हॉटेलचं कूपन, पुढच्या भेटीत वीस टक्के सूट.

"जपून ठेवलंय बघा!"

"एक्स्पायरी पुढच्या महिन्यात आहे," शेखर पुटपुटला, आणि नानांना हसता हसता असा ठसका लागला की चहावाला पाणी घेऊन धावत आला.