पांढऱ्या कार्डाचे श्रीमंत

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी टाकलं, "पाच लाखांचे उपचार सगळ्यांना फुकट. टॅक्स आम्ही भरायचा आणि ऑपरेशनं यांची." खाली अंगठ्यांची रांग. चहा तिथेच निवला माझा. ग्रुपवर भांडायचं नाही असं घरात ठरलेलं आहे, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल पुढे जावं.

विषय आपल्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा. पण आधी मामाचं सांगते.

मामा विट्याचा, सांगली जिल्ह्यातला. टेलरिंगचं दुकान, दोन मशिनी, हाताखाली एक पोरगा. २०१८ मध्ये त्याची बायपास ठरली. कुणीतरी सांगितलं, फुले योजनेत पैसे लागत नाहीत, रेशन कार्ड घेऊन जा. दवाखान्याच्या तळमजल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल होतं. तिथल्या मुलीने कार्ड हातात घेतलं आणि उघडलंसुद्धा नाही. "पांढरं आहे हो काका. नाही बसत." मामाने कार्ड परत रिपोर्टच्या पिशवीत घातलं आणि मला म्हणाला, "घे, आपण श्रीमंत निघालो."

तेव्हा पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तरच कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत होते. केशरी कार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख. भागा बाराने. महिन्याला आठ हजार तीनशे तेहेतीस रुपये! त्याच्या वर गेलात की सरकारदरबारी तुम्ही खाऊनपिऊन सुखी, बायपास स्वतःच्या खिशातून करा. शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावर सवलत होती, पण ती आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांपुरती, सातबारा दाखवून. सांगली त्यात नव्हती. आणि मामाकडे सातबारा कुठला, शिलाई मशीन!

मामीच्या पाटल्या तारण गेल्या. त्या परत आल्या नाहीत, यावर अधिक काय लिहू.

आता मला सांगा, विम्याविना राहिलेली माणसं कोण होती? अगदी गरीब म्हणावीत त्यांच्यासाठी निदान कागदावर योजना होती. राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. (श्रेय कुठल्या पक्षाचं यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी कृपया दुसरी भिंत शोधा.) वरच्यांना कंपनीचा मेडिक्लेम. मधे लटकले ते टेलर, क्लास घेणारे सर, वडापावची गाडीवाले, ट्रॅव्हल्सचे ड्रायव्हर, पतसंस्थेतला कारकून. यातल्या कित्येकांना ईएसआय (नोकरदारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, कारण ते कुणाचे नोकरच नाहीत. मेडिक्लेम काढायला जावं तर हप्त्याचा आकडा ऐकूनच बीपी वाढतं. आणि एकदा बायपास झालेल्या माणसाला कोण हसत पॉलिसी देतंय?

या मधल्यांचा विचार व्हायला २०२३ साल उजाडलं. कोरोनात तात्पुरती सगळ्यांना दारं उघडली होती, पण ती तात्पुरतीच. २०२३ मध्ये निर्णय झाला आणि जुलै २०२४ पासून अंमल: कार्डाचा रंग बघायचा नाही, दीड लाखाचे पाच लाख, ९९६ उपचारांचे १३५६. माझ्या मते या सगळ्यात मोठी गोष्ट पाच लाखांची नाहीच. मोठी गोष्ट ही की टेबलामागच्या मुलीला आता कार्डाचा रंग बघून माणूस परत पाठवता येत नाही.

आणि याला हे लोक फुकट म्हणतात! मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये माफ झाला तेव्हा याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. ती सवलत बहुतेक हक्काची होती. मामाने आयुष्यभर दोरा, बटणं, अस्तर, वीज, पेट्रोल यांवर टॅक्स भरला, तो काय हवेत गेला? का टॅक्स फक्त पगारातून कापून घेणारे फॉर्म सोळावालेच भरतात?

हो, योजनेत भानगडी आहेत. दवाखान्यांना मिळणारे दर कमी आहेत, बिलं रखडतात, माझी डॉक्टर मैत्रीण कावते ते उगाच नाही. ओपीडी त्यात नाही, बीपी-शुगरच्या गोळ्या आपल्याच पैशाने. मान्य. पुढे.

गेल्या वर्षी मामीला गाठ निघाली. केमो. मामा तेच कार्ड घेऊन निघाला, त्याच रिपोर्टच्या पिशवीतून. मी सोबत होते आणि खरं सांगते, टेबलाजवळ जाईपर्यंत माझ्याच पोटात गोळा. या वेळी पोरीने कार्ड उघडलं, नावं वाचली, आधार मागितलं, फोटो काढला. रंगाबद्दल चकार शब्द नाही. मामा तरी उगाच सांगत होता, "पांढरं आहे बरं का." ती म्हणाली, "असू दे की काका."

असू दे की. मला तिथेच रडू यायला लागलं. मामीला वाटलं मी तिच्या आजाराला रडतेय, तर तीच माझी समजूत काढत बसली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. कार्ड जुनं, बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसेना. पांढऱ्यावर धान्य मिळत नाही, मग ते कोण कशाला अद्ययावत करतंय! कपाटात मुलांच्या दाखल्यांखाली पडलेलं असतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत मामेभावाने दिवस घालवले. तोवर मामी घरी, गाठ तिच्या अंगात. ज्याच्याकडे धावपळ करणारा मुलगा नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न मंत्रालयात कुणाला पडतो का ठाऊक नाही.

म्हणून माझ्या यादीतल्या सगळ्यांना, ग्रुपवरच्या त्या सद्गृहस्थांनाही: आज कार्ड बाहेर काढा. नंबर ऑनलाइन आहे का बघा. सुनेचं, नातवाचं नाव चढलंय का बघा. हे आजारी पडायच्या आधी करायचं काम आहे. तातडीचं असेल तर कागद नंतर दिले तरी चालतात, फोनवरून परवानगी घेऊन दाखल करून घेता येतं, हे तुमचं तुम्हाला माहीत हवं. टेबलावर आपणहून कुणी सांगत नाही.

आणि योजनेतल्या पेशंटकडे पैसे मागितले तर देऊ नका. आमच्याकडे दुसऱ्या केमोला एकाने "औषधं बाहेरून आणावी लागतील, सध्या आठ हजार भरून ठेवा" असं हळूच सांगितलं. मामाचा हात खिशात गेलासुद्धा. मी म्हटलं, भरते, पक्की पावती द्या, त्यावर योजनेचा नंबर लिहा. आणि त्याच्यासमोरच फोनवर योजनेच्या हेल्पलाइनचा १५५३८८ लावला. औषधं त्यांच्याच दुकानात निघाली.