दहाव्याची रजा ‘पेंडिंग’

परवा शुक्रवारी, 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून आमच्या ऑफिसात बाप गेलेल्या पोराच्या शर्टावर हसऱ्या तोंडाचा पिवळा स्टिकर चिकटवला. डोकं तासलेलं होतं हो त्याचं! टोपी घातली होती, पण टोपीखाली काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. आदल्या शनिवारी वडील गेले, अग्नी यानेच दिला. कंपनीची शोकरजा तीन दिवस, ती बुधवारी संपली. गुरुवारी पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून स्वारगेटला उतरून तसाच हिंजवडीला आला, कारण सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. सुतकातला माणूस. घरी आई एकटी.

आणि एचआरची बाई मोबाईल रोखून म्हणते, “थोडं स्माईल कर ना, ग्रुप फोटो आहे.”

तो हसला. तेच माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीये. ताण आला की दाबायचा म्हणून प्रत्येकाला एक रबरी चेंडू वाटला होता, तो त्याने असा आवळला की बोटं पांढरी पडली. दहा मिनिटांत फोटो लिंक्डइनवर. खाली मजकूर, ‘आम्ही आमच्या माणसांची काळजी घेतो.’ मी उठून का बोलले नाही, याचा दोन दिवस स्वतःवरही संताप होतोय.

नंतर एक ते दोन, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळेत, वेबिनार. हजेरी सक्तीची. मोकळे व्हा, मनात ठेवू नका, कुणाशी तरी बोला. अरे, बोलला होता ना तो! सकाळीच बोलला होता! सोमवारी दहावा, गुरुवारी तेरावा, चार दिवस द्या म्हणाला. मॅनेजरचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं: “दहावा सकाळीच उरकतो ना? मग दुपारी लॉगिन कर.” वर पोर्टलवर मृत्यूचा दाखला अपलोड करायला सांगितला. दाखला अजून नगरपालिकेतून हातात आलेला नाही. रजा ‘पेंडिंग’.

खाजगी नोकरीत ही रजा द्यायची कायद्याने सक्ती नाही, सगळं मर्जीवर. म्हणून तर माणूस कळतो इथे!

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून मी क्लायंट कॉल घेतलाय. ताप आला की थर्मामीटरचा फोटो मागणारा लीड मी दोन वर्षं सोसलाय. नाव गुप्त राहील म्हणून सर्व्हे भरून घेतला आणि आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, “हे तूच लिहिलंस ना?” संध्याकाळी सहा पन्नासला ‘दोन मिनिटं बोलूया का’ म्हणून पावणेआठपर्यंत अडकवणारे, रविवारी ग्रुपवर ‘जेंटल रिमाइंडर’ टाकणारे, माणसाला ‘रिसोर्स’ म्हणणारे. दोन रिसोर्स कमी पडतायत म्हणे! माणसं आहोत आम्ही, सिमेंटची पोती नाही.

याच पुण्यात 2024 साली 26 वर्षांची सीए मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांत गेली. कामाच्या ताणाने गेली असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखाला पत्र लिहून सांगितलं, आणि अंत्यविधीलाही ऑफिसातून कुणी आलं नाही हेही लिहिलं. तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे पडले होते. पुढे काय झालं? 2025 च्या जानेवारीत एका बड्या कंपनीचे अध्यक्ष आठवड्याला 90 तास काम करा म्हणाले. सप्टेंबरात आपल्या राज्य मंत्रिमंडळाने खाजगी आस्थापनांतले रोजचे तास 9 चे 10 करायला मंजुरी दिली. ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं विधेयक सुप्रिया सुळेंनी 2018 मध्येच लोकसभेत मांडलं होतं. ते कायदा झालंच नाही.

आम्हाला श्वास घ्यायला शिकवू नका, येतो आम्हाला. रजा मागितली की पुरावा न मागता द्या. कुणाच्या घरचं माणूस गेलंय तर त्या सहकाऱ्याचं काम चौघांत वाटून घ्या, आणि त्याला तुम्हीच सांगा की तेरावा होईपर्यंत इकडे बघू नकोस. याला पैसे पडत नाहीत. त्या स्टिकरना पडले असतील.

त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर त्याला काही दिलं असेल तर पँट्रीतल्या मावशींनी. फोटो चालू असतानाच त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं, स्टुलावर बसवलं, चहा दिला. “जेवलास का रे बाळा? आई कशी आहे?” एवढंच विचारलं. तिथे रडला तो. सहा दिवसांत पहिल्यांदा, मला नंतर म्हणाला. मावशी कंत्राटावर आहेत, एक खाडा झाला की पगार कापतात त्यांचा. कुठल्याही फोटोत त्या नाहीत.

आता रविवारचे रात्रीचे साडेदहा झालेत. रजा अजून पेंडिंग आहे. तो काल साताऱ्याला गेला, बरोबर लॅपटॉप घेऊनच गेला. उद्या सकाळी संगम माहुलीला पिंड मांडून कावळा कधी शिवतो म्हणून वाट बघत उभा असेल, आणि दहाच्या स्टँडअपच्या, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगच्या, यादीत त्याचं नाव तसंच आहे. मी आत्ताच मॅनेजरला कळवलंय, “त्याचं काम गुरुवारपर्यंत मी करते. त्याला एकही फोन जाता कामा नये.”

मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.