पावलं मोजता, पण चालायला वेळ कधी देणार?

साडेनऊला मीटिंग, साडेदहाला मीटिंग, बाराला "फक्त पाच मिनिटं" म्हणून बोलावलं ते पाऊण तास बसवलं. आणि एक वाजता मोबाईलवर मेसेज: "तुमची टीम अजून पिरेनीजमध्येच अडकली आहे! चला, उठा, पाय उचला!" डोकंच फिरलं माझं. सकाळपासून मला खुर्चीला खिळवून ठेवलंय कोणी? तुम्हीच ना?

ऑफिसात महिनाभराचं वेलनेस चॅलेंज चालू आहे. सहा-सहा जणांच्या टीम. सगळ्यांच्या पावलांचे किलोमीटर करायचे आणि नकाशावरचा ठिपका फ्रान्सच्या सीमेवरच्या पिरेनीज डोंगरांपासून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत सरकवायचा. कामिनो नावाची जुनी तीर्थयात्रेची वाट, साधारण 780 किलोमीटर. ही वाट खरोखर चालणारे लोक कामधंदा बाजूला ठेवून महिनाभर चालतात हो! आम्ही ती दोन कॉलच्या मधल्या फटीत चालायची. माणशी 130 किलोमीटर, म्हणजे रोज सहा हजारांच्या वर पावलं, आणि तीही कामाच्या वेळेतला एक मिनिट न सोडता.

त्यात पुन्हा दहा हजारांचा हट्ट. तेवढी झाली नाहीत की यादीत नाव लाल. हा आकडा काय डॉक्टरांनी तपासून ठरवलाय? 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, 1965 साली, एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. तिथून हा आकडा जगभर पसरला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यात रोज 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि 7,500 च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं सांगतच नाही, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पोहा, सायकल चालवा, काहीही करा. पण आमच्या अॅपला पोहणं दिसत नाही. रोज पहाटे तासभर पोहणारी मुलगी आमच्याकडे यादीच्या तळाला आहे.

आणि स्टोअरमधले काका! ते दिवसभर ट्रॉली ढकलतात. हे घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून पावलं ओळखतं, आणि काकांचे दोन्ही हात ट्रॉलीच्या दांड्यावर घट्ट. परवा मी मुद्दाम त्यांच्याबरोबर स्टोअरपासून लिफ्टपर्यंत गेले. माझ्या हातात घड्याळ, त्यांच्याही हातात तेच. माझी 140 पावलं झाली, त्यांची 23. अख्ख्या ऑफिसात सगळ्यात जास्त चालणारा माणूस, आणि आठवड्याच्या मेलमध्ये "यांना थोडं प्रोत्साहन द्या" म्हणून त्यांचं नाव. लाज वाटली मला तो मेल वाचताना. पहिला नंबर कोणाचा, तर मीटिंगमध्ये बसल्या बसल्या टेबलाखाली हात हलवणाऱ्याचा. मी स्वतः पाहिलंय.

पण खरी तळपायाची आग मस्तकात गेली ती मंगळवारी रात्री. आमच्या टीममधल्या एका ताईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झालेत. रात्री अकराला ग्रुपवर त्यांचा मेसेज: "सॉरी, माझ्यामुळे टीम मागे पडतेय. उद्या जास्त चालते." दुसऱ्या दिवशी त्या जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या, दर पायरीला थांबत, आणि दुसऱ्या हातात मोबाईल, आकडा बघायला. बाई आजारपणातून उठतेय आणि तिला पाच जणांची माफी मागायला लावता? हे कसलं आरोग्य? कोणाचा गुडघा, कोणाचं गरोदरपण, कोणाचा दमा, हे सगळं चव्हाट्यावर आणणारी यादी काढायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?

मला चालायला आवडतं. जेवण झाल्यावर वीस मिनिटं मोकळ्या हवेत फिरून आलं की दुपारी डोकं ताळ्यावर राहतं. तेवढंच तर मिळत नाही. काल मी एचआरला सरळ लिहिलं: दीड ते दोनमध्ये कोणीही मीटिंग लावायची नाही असा नियम करा, नावांची यादी आजच्या आज काढून टाका, आणि ताईंना फोन करून सांगा की त्यांचं काहीही चुकलेलं नाही.

उत्तर आलेलं नाही. आज पावणेदोनला मात्र मीटिंग लागली आहे. विषय: चॅलेंजच्या दुसऱ्या टप्प्याचं नियोजन.