हेडफोनच्या सॉकेटमुळे अ‍ॅम्प्लिफायर जळत नाही

'एमपी-थ्री प्लेअर हेडफोनच्या सॉकेटमधून घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडू नये, त्यातल्या जोरदार करंटने अ‍ॅम्प्लिफायर जळतो; जोडायचाच तर सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल घ्यावी; त्यापेक्षा ब्लूटूथचा आवाज केव्हाही सरस' अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे.

पहिला दावा सर्वांत भीतीदायक आणि सर्वांत पोकळ आहे. अशा प्लेअरच्या हेडफोन सॉकेटमधून पूर्ण आवाजावरही साधारणपणे अर्धा ते एक व्होल्टच बाहेर पडतो, तर त्याच अ‍ॅम्प्लिफायरला वर्षानुवर्षे बिनबोभाट जोडला जाणारा सीडी प्लेअर सुमारे 2 व्होल्ट देतो. शिवाय करंट किती वाहणार हे घेणाऱ्या उपकरणाच्या रोधावर ठरते. एका व्होल्टला 32 ओहमचा हेडफोन सुमारे 31 मिलिअँपिअर ओढतो. अ‍ॅम्प्लिफायरवर बाहेरचे उपकरण जोडण्यासाठी असलेल्या 'ऑक्स' सॉकेटचा रोध सहसा 10 हजार ओहम किंवा त्याहून अधिक असल्याने तिथे जेमतेम 0.1 मिलिअँपिअर वाहतो.

या अफवेला थोडाफार आधार असलाच, तर तो 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटमध्ये आहे. दिसायला ते 'ऑक्स'सारखेच असते, पण तबकडीच्या सुईकडून येणाऱ्या अवघ्या 5 मिलिव्होल्टच्या आसपासच्या संकेतासाठी ते बनवलेले असते, आणि आतले सर्किट तो संकेत कित्येक पटींनी वाढवताना खर्ज उचलते व वरचे स्वर दाबते. तिथे एक व्होल्ट, म्हणजे अपेक्षेच्या दोनशे पट संकेत घातल्यावर आवाज फाटका आणि घुमा येणारच. दोष मात्र प्लेअरचा नव्हे, चुकीच्या सॉकेटचा.

सोन्याचा मुलामा गंज रोखतो, हे कोकणच्या दमट हवेत उपयोगाचे आहे; दीड मीटरच्या केबलमध्ये त्याने गाणे सुधारत नाही. एका टोकाला साडेतीन मिलिमीटरची स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी अशा दोन पिना, आणि लाल पिन उजव्या बाजूला, एवढे पुरते. अ‍ॅम्प्लिफायर मोनो, म्हणजे डाव्या-उजव्यासाठी एकच वाट असलेला असेल, तर दोन्ही तारा पिळून एकत्र करण्याचा घरगुती उपाय तेवढा टाळावा, कारण त्यात प्लेअरचे दोन आउटपुट एकमेकांवर भिडतात. मध्ये रेझिस्टर घालावे लागतात.

ब्लूटूथ सोयीचे आहे, यात वाद नाही. पण आवाज आकुंचित करून पाठवण्याच्या त्याच्या एसबीसी या मूळ पद्धतीत नेहमीच्या वरच्या दर्जालाही सेकंदाला सुमारे 328 किलोबिटच जातात, आणि सीडीचा दर 1,411 किलोबिट असतो. हा फरक पुष्कळांच्या कानाला जाणवत नाही, हे खरे. पण तेवढ्याने तारेपेक्षा ब्लूटूथ सरस ठरत नाही.

जोडणी झाल्यावर प्लेअरचा इक्वलायझर बंद ठेवावा, त्याचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर न्यावा आणि पुढची कमीजास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने करावी. अखंड घरघर ऐकू आली, तर केबल बदलण्याआधी प्लेअरचा चार्जर काढून पाहावा. घरघर थांबली, तर ती अर्थिंगच्या वाटेने येत होती.