‘रिसॉर्टबाहेरचं काही खाऊ नका’ हा सल्ला चुकीचा आहे

डिसेंबरची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरू लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे कानकुन, पुएर्तो वायार्ता, लॉस काबोस या तिथल्या समुद्रकाठच्या गावांना जाणारी कुटुंबं पुष्कळ. संदेशाचा मथितार्थ असा: रिसॉर्टबाहेर खाल्लंत तर पोट बिघडणारच, बर्फ म्हणजे विष, शाकाहाऱ्यांनी ठेपले आणि मॅगी बांधून न्यावं, मासे कच्चेच देतात, जेवणाचे पैसे आधीच भरलेले असताना बाहेर खाणं म्हणजे उधळपट्टी, आणि तसंही आपल्या जिभेचं तिथे काही नसतं.

लिहिणाऱ्याला काळजी वाटली असेल, मान्य. पण हा संदेश वाचून माझ्या ओळखीचं एक कुटुंब आठवडाभर समुद्रकाठी राहिलं आणि तव्यावरून उतरणारी एकही तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची पोळी, न खाता परत आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पाणी आणि बर्फ. नळाचं पाणी पिऊ नये हे अगदी खरं. पण ते तिथले लोकही पीत नाहीत! घरात, खानावळीत, हातगाडीवर 20 लिटरचे पाण्याचे बाटले येतात, त्यांना ‘गाराफोन’ म्हणतात. प्यायला तेच पाणी. बर्फही बहुतेक ठिकाणी कारखान्यातून पिशव्यांत भरून येतो, शुद्ध केलेल्या पाण्याचा. नळकांड्यासारखा, मधोमध भोक असलेला तुकडा दिसला तर तो तोच. पालेभाज्या बुडवायचे जंतुनाशक थेंब सुपरमार्केटात भाज्यांच्या जवळच मिळतात, आणि गृहिणी ते रोज वापरतात. ज्या समाजाने पाण्याची अडचण इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे, त्याला स्वच्छता कळत नाही असं म्हणणं अन्यायाचं आहे.

पोट बिघडतं ते बहुतेक वेळा जंतू शिरलेल्या अन्नापाण्याने, आणि कोमट राहिलेल्या अन्नात ते जंतू झपाट्याने वाढतात. साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधलं तापमान त्यांना मानवतं. तासन् तास मांडून ठेवलेला बुफे रिसॉर्टच्या आत आहे म्हणून या नियमातून सुटत नाही. उलट गर्दीच्या टाकोच्या, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या तोर्तियाच्या, गाडीवर मांस तुमच्या डोळ्यांदेखत तापल्या तव्यावर परततात आणि दोन मिनिटांत ते तुमच्या हातात असतं. गाडी मी अशी निवडते: गिऱ्हाईक स्थानिक हवं, तवा धगधगता हवा, पैसे घेणारा आणि टाको भरणारा वेगवेगळा हवा. ताटलीवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली दिसली की नवख्याला विचित्र वाटतं, पण ती प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी असते. उन्हात उघडी पडलेली साल्सा मात्र मी सोडून देते. पुण्यात किंवा दादरला भेळेची गाडी निवडताना आपण हेच तर करतो.

आता शाकाहार. या मुद्द्यावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण माझी आई कट्टर शाकाहारी आणि आम्ही तिला घेऊनच वायार्ताला गेलो होतो. अडचणी खऱ्या आहेत. ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाशिवाय, एवढंच सांगून भागत नाही. अनेकांच्या लेखी कोंबडी ‘कार्ने’ नसतेच. म्हणून ‘नि पोयो, नि पेस्कादो’, म्हणजे कोंबडीही नको आणि मासाही नको, हे जोडायचं. भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. घोटलेल्या घेवड्यात आणि मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या तमालमध्ये डुकराची चरबी असू शकते, तिला ‘मान्तेका’ म्हणतात. तो शब्द पाठ करूनच निघावं. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांना जड जातं, हेही कबूल.

पण उपाशी? मक्याच्या साध्या तोर्तियात मका, पाणी आणि चुना याखेरीज काही नसतं. हो, चुनाच. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात, चोळून धुतात आणि मग दळतात. त्यामुळे साल सुटते, पीठ मळता येतं आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपात मका गेला पण ही रीत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. त्या तोर्तियात काय भरायचं? भोपळ्याची फुलं, कोवळ्या निवडुंगाच्या फोडी, अळंबी, पोब्लानो मिरचीचे भाजलेले काप. आईने बाजारातल्या खानावळीत भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून तव्यावर भाजलेली तोर्तिया, सलग तीन दिवस मागवली. चौथ्या दिवशी बाईंनी न विचारताच तव्यावर टाकली. नेलेल्या ठेपल्यांतले निम्मे आम्ही परत आणले.

मासे कच्चेच देतात, हे अर्धसत्य. सेविचे म्हणजे कच्चा मासा आणि सिनालोआ राज्यातलं आग्वाचिले म्हणजे कच्ची कोळंबी, दोन्ही लिंबाच्या रसात मुरवतात. लिंबाने मासा पांढरा पडतो, शिजल्यासारखा दिसतो, पण त्याने सगळे जंतू मरत नाहीत. गरोदर बायका, वयस्कर माणसं, नाजूक पोटाची मुलं यांनी ते टाळावं, इतरांनी दुपारच्या आत, गर्दीच्या ठिकाणी खावं. पण किनाऱ्यावर त्याशिवायही खूप काही असतं. वायार्ताच्या वाळूत काठीला टोचून निखाऱ्यावर भाजलेला मासा किंवा कोळंबी विकतात. नायारितकडचा ‘सारान्देआदो’ मासा उभा चिरून, उघडून, मसाला लावून भाजतात. युकातानमध्ये आचिओते नावाच्या बियांचा लाल मसाला चोळून केळीच्या पानात गुंडाळतात, त्याला ‘तिकिन शिक’ म्हणतात. यातलं काहीही कच्चं नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास ‘फोन्दा’ म्हणजे घरगुती खानावळीत जा आणि ‘कोमिदा कोरिदा’ मागा: सूप, भात, एक मुख्य पदार्थ, तोर्तिया आणि सरबत, सगळं एका ठरलेल्या दरात. डॉलरमध्ये छापलेलं मेनूकार्ड टाळा, पेसोत पैसे द्या, दहा-पंधरा टक्के टीप ठेवा. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, गिऱ्हाइकाला उठवणं तिथे असभ्य समजतात.

राहिला शेवटचा मुद्दा, आपल्या जिभेचं काही नसतं हा. मला सर्वांत जास्त खुपला तो हाच. पिवळं चीज ओतलेले नाचोज आणि कडक कवचाचे टाको खाऊन मेक्सिको चाखला असं समजणाऱ्यांनी सीमेच्या उत्तरेचं जेवण चाखलेलं असतं. आपल्या ठेच्यातली मिरची मूळची मेक्सिकोची, तिथून पोर्तुगीजांच्या जहाजांच्या मार्गाने ती आपल्याकडे पोचली. चिकू तिथला, नावसुद्धा ‘चिकोसापोते’वरून आलेलं. एकादशीचा राजगिरा तिथला. त्याच्या लाह्यांच्या वड्या ‘आलेग्रिया’ म्हणजे आनंद या नावाने विकतात. आईने एक उचलली आणि विचारलं, “ही इथे कशी?” तिला सांगावं लागलं की प्रश्न उलटा आहे. आंबा मात्र उलट्या दिशेने गेला. 1565 ते 1815 या काळात मनिला आणि आकापुल्को यांच्यामध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत, त्यांतून. म्हणून तिथल्या एका लाडक्या जातीला आजही ‘मनिला’ म्हणतात. कापलेल्या आंब्यावर लिंबू पिळून तिखटमीठ भुरभुरतात, शाळेबाहेरच्या कैरीसारखं.

त्याच गलबतांतून फिलिपिनो खलाशी आले आणि त्यांच्याबरोबर माडाचा रस काढायची कला. वायार्ताच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर खांद्यावर मोठा भोपळा घेतलेला माणूस ‘तुबा’ विकतो. पेल्यात रस ओततो, वर सफरचंदाचे बारीक तुकडे आणि दाणे टाकतो. माझे बाबा वेंगुर्ल्याचे. त्यांनी पेला नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि समुद्राकडे बघत बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगं, ही आपली माडी.” विकणाऱ्याला मराठी कळत नव्हतं. त्याने त्यांचा पेला पुन्हा भरला.