दर रविवारी अकरा विहिरी

परीक्षा संपली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी जळगावहून घरी आले. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पुण्या-नाशिकला इंटर्नशिप धरली. मी एमएस्सीच्या प्रबंधासाठी माझंच गाव घेतलं. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, पांझरा नदीचा उत्तर काठ. "मे महिन्यात तिकडे कशाला, उन्हाने जीव जाईल," असं मैत्रिणींनी काळजीने सांगितलं होतं. ऊन आहेच. पारा ४४ च्या पुढे जातो, दहानंतर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पण घर अजून धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे, त्यामुळे दुपारी आत बरं वाटतं आणि रात्री सगळे धाब्यावर झोपतो. आज सातवा रविवार झाला. या सात आठवड्यांत माझं एक मत पक्कं झालंय, ते सविस्तर लिहिते. पोस्ट लांब होईल, सवडीने वाचा.

काम सांगायला सोपं आहे. गावातल्या ११ विहिरी निवडल्या आणि दर रविवारी त्यातलं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजायचं. पोलादी टेपच्या टोकाला घरातलं जुनं पितळी कुलूप बांधलंय. टेपच्या शेवटच्या दोन मीटरला शाळेतला पांढरा खडू घासायचा आणि टेप हळूहळू सोडायचा. कुलूप पाण्याला लागल्याचा आवाज येतो, की अजून थोडा सोडून काठावरचा आकडा धरायचा आणि टेप वर ओढून घ्यायचा. खडू जिथपर्यंत भिजून काळपट झाला, तिथपर्यंत टेप पाण्यात होता. काठावरच्या आकड्यातून भिजलेला भाग वजा केला की झालं. टेप वर येताना हाताला गारवा लागतो, बाकी सगळं तापलेलं असतं, काठाचे दगडसुद्धा.

पहिल्या रविवारी शेजारच्या काकू विहिरीवर आल्या होत्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मोजीसन पानी वाढी का माय?" मोजून पाणी वाढणार आहे का? त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मिळायला पाच आठवडे लागले.

तिसऱ्या आठवड्यात माझे आकडे बिघडले. सगळीकडे पाणी खाली चाललेलं असताना चार विहिरींत ते अचानक सव्वा-दीड मीटर वर आलेलं दिसलं. पाऊस नाही, पाट कोरडा, नदी कोरडी. दोन दिवस मी वह्या उलटसुलट करत बसले, टेप चुकला असेल म्हणून परत जाऊन मोजून आले. शेवटी वडीलच जेवताना म्हणाले, "अगं, या आठवड्यात लाईट दिवसा आहे." शेतीची थ्री फेज वीज आमच्याकडे आलटून पालटून येते, काही दिवस रात्री, काही दिवस दिवसा. आधीच्या दोन रविवारी रात्रभर मोटर चालून सकाळी विहिरी उपसलेल्या होत्या, आणि मी नेमकी तेव्हाच मोजत होते. तिसऱ्या रविवारी त्या रात्रभर निवांत भरल्या होत्या. म्हणजे मी पाणी मोजत नव्हते, विजेचं वेळापत्रक मोजत होते! आता वहीत प्रत्येक आकड्यापुढे 'मोटर कधी बंद झाली' हा रकाना आहे. विहिरीत पाणी परत किती वेळात भरतं, हेही त्यातूनच कळायला लागलं. एकदाच येऊन, फोटो काढून, आकडा घेऊन गेले असते तर तो चुकीचा आकडा प्रबंधात पक्का होऊन बसला असता.

मध्ये आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली. घागरी भरल्या, त्यावर डांगर ठेवलं, आत्या माहेरी आल्या, चिंचेला झोका बांधला. आमच्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं वर्षसुद्धा आखाजीलाच सुरू होतं, त्यामुळे गावात देण्याघेण्याची, नव्या बोलीची गडबड असते. त्यानंतर बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांचे दिवस. विहिरी मोजून आठला घरी यायचं, हात धुवायचे आणि धाब्यावर आईसोबत कापडावर बिबडे थापायला बसायचं. बायका तिथे जे बोलतात ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते, कारण कुठल्या विहिरीचं पाणी कुठल्या साली चैत्रातच आटलं हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येत नाही. पाणी त्यांनीच वाहिलंय.

चौथ्या आठवड्यातली गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. सहा आणि सात नंबरच्या विहिरींत जेमतेम दोनशे पावलांचं अंतर आहे. दोन्ही जवळपास सारख्याच खोल. सहाव्या विहिरीत मे महिन्यातही मोटर तासभर चालते. सातवीच्या तळाशी नुसता गाळ. गावात याचं कारण नशीब असं सांगतात. दोन्हींच्या मधून काळ्या दगडांची एक कमरेएवढी उंच धार जाते, पूर्व-पश्चिम. लहानपणी आम्ही त्यावरून चालायची शर्यत लावायचो. ती धार म्हणजे भूशास्त्रातला डाइक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे लाव्हाचे थर साचले, त्या काळात जमिनीच्या उभ्या भेगांत शिरलेला लाव्हारस तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजला, हा टणक म्हणून भिंतीसारखा उभा राहिला. धुळे-नंदुरबार पट्टा अशा डाइकसाठी जगभरच्या भूशास्त्रज्ञांना माहीत आहे. मी हे पुस्तकात वाचलं होतं, त्यावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तरही लिहिलं होतं, आणि तरी घरामागच्या धारेशी त्याचा संबंध जोडला नव्हता.

आमच्या गावात जमिनीखालचं पाणी उत्तरेच्या डोंगराकडून दक्षिणेला नदीकडे झिरपतं. धार त्याला आडवी. डाइक भेगाळलेला असेल तर त्यातून पाणी वाहतं, घट्ट असेल तर तो जमिनीखालच्या बांधासारखा पाणी अडवतो. आमचा घट्ट असावा, कारण वरच्या अंगाला पाणी आहे आणि खालच्या अंगाला नाही. मग मी गावातल्या जुन्या, दगडांनी बांधलेल्या विहिरी पाहत फिरले. पाचही धारेच्या वरच्या अंगाला निघाल्या. ज्यांनी त्या खोदल्या त्यांनी डाइक हा शब्द ऐकला नसेल. जागा मात्र बरोबर धरली.

याच धारेच्या खालच्या अंगाला आमच्या घरच्यांनी गेल्या वर्षी दोन बोअर घेतले. तळहातावर नारळ ठेवून पाणी बघणारे एक गृहस्थ आले होते, त्यांनी जागा दाखवली. रात्रभर मशीन चाललं. मी होते तिथे. पाइपातून पांढरी भुकटी उडत राहिली आणि वडील तिच्याकडे बघत उभे होते. दोन्ही कोरडे गेले. आमच्या खडकात पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. खाली खाली जात राहिलं की पाणी लागेलच असं नसतं. हे मला तेव्हा घरात सांगता आलं नाही. माझ्याकडे पुस्तकातलं ज्ञान होतं, पण 'इथे नको, तिथे घ्या' असं म्हणायला गावाचा एकही आकडा नव्हता. कर्ज अजून फिटतंय.

आता आबांकडे येते. आबा पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि आमच्या बंधाऱ्यावर ते पाटकरी होते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरची फड पद्धत धुळे-नाशिकच्या बाहेर फार कुणाला माहीत नाही, म्हणून थोडं सांगते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात त्या वर्षी एकाच प्रकारचं पीक. एकात ऊस, एकात गहू-हरभरा, एकात पावसाळी पीक, आणि पुढच्या वर्षी फेरपालट. शेतकऱ्यांचे पट्टे शक्यतो प्रत्येक फडात असायचे. त्यामुळे पाणी कमी पडलं तर एक फड सोडून द्यायचा, आणि नुकसान सगळ्यांच्या वाट्याला थोडं थोडं यायचं. हे गावाची पंच कमिटी ठरवायची. पाटकरी शेताशेताला पाणी द्यायचा, हवालदार त्याच्यावर देखरेख करायचा, जागल्या पाटाची आणि पिकाची राखण करायचा. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही. तीनशे-चारशे वर्षं हे चाललं.

मी आबांना विचारलं, "आबा, कुणी रात्री चोरून पाणी फोडलं तर?"

ते म्हणाले, "पानी कोन्हंच नही ऱ्हास माय. पाळी ऱ्हास." पाणी कुणाचंच नसतं, पाळी असते.

मग त्यांनी मला बंधाऱ्यावर नेलं. काठी टेकत, सकाळी सहाला. नदीत दगडगोटे आणि वेडी बाभूळ. बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला त्यांनी काठीने एक दगड दाखवला. त्यावर छिन्नीने मारलेल्या तीन आडव्या रेघा आहेत, बोटाच्या पेराएवढ्या अंतराने, वरची जवळजवळ पुसलेली. दिवाळीनंतर पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघून पंच ठरवायचे की यंदा किती फड भिजवायचे. मधल्या रेघेखाली गेलं तर उसाचा फड लावायचाच नाही. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. ज्या गावात मी टेप घेऊन फिरत होते तिथे माझ्या पणजोबांच्या आधीपासून लोक पाणी मोजत होते, आणि मोजल्याशिवाय वाटत नव्हते. घरी जाताना मी काकूंकडे थांबले आणि त्यांना सांगितलं. मोजून पाणी वाढत नाही, पण कुणी किती घ्यायचं ते ठरवता येतं. त्या म्हणाल्या, "मंग बोअरवाला कव्हय मोजतीन?" बोअरवाले कधी मोजणार?

हाच खरा प्रश्न आहे. वर धरणं झाली, विहिरींवर मोटर बसल्या, वाटण्या होऊन पट्टे तुटले, एकाचं सगळं शेत एकाच फडात गेलं. फड मोडायला कुणी एक माणूस कारणीभूत नाही. फड होता तसा परत आणा, असंही मी म्हणत नाही. त्यातही उणिवा होत्या. ज्याची जमीनच पाटाखाली नव्हती त्याला पाळी नव्हती. पण टंचाईत आधी मोजायचं आणि मग एकत्र बसून ठरवायचं, ही सवय आमच्या गावाला होती आणि ती गेली. आज माझ्या गावात बोअर किती, याचा आकडा कुणाकडेही नाही. प्रत्येक जण एकेकटा खाली चाललाय.

सहाव्या आठवड्यात आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीचा एक जुना उतारा सापडला. त्यात आमच्या खालच्या शेतापुढे लिहिलंय, 'पाटस्थळ'. पाटाच्या पाण्यावर भिजणारी जमीन. मोटेवर भिजणारी ती मोटस्थळ. हे शब्द मी पहिल्यांदा वाचले. त्या शेतात आज आम्ही फक्त पावसावर बाजरी करतो.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांना खान्देशात, या आमच्या पांझरेच्या एका प्रवाहावर नळाचा सायफन बांधण्याचं काम मिळालं होतं. ऐन पावसाळ्यात, पुराला तोंड देत त्यांनी ते पुरं केलं. त्यांचं नाव पुस्तकात आहे, असलंच पाहिजे. त्याच नदीचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या वळवणाऱ्या पाटकऱ्यांचं एकही नाव कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. प्रबंधात संदर्भ द्यायचा तर छापील हवा, असं मला एकदा सांगण्यात आलं. मला हे पटत नाही. बंधाऱ्यावरची तिसरी रेघ कशासाठी होती हे आबांशिवाय कुणी सांगू शकत नसेल, तर आबा हाच संदर्भ आहे, आणि मी तो आबांच्या परवानगीने, त्यांच्या नावानिशी, तारीख घालून देणार आहे.

आणि हे काम बाहेरून येऊन चार दिवसांत होत नाही. लाईट कधी येते, आखाजीला कोण कुठे असतं, आबा सकाळी बोलतात आणि दुपारी थकतात, हे इथे राहिल्यावरच कळतं. अहिराणी समजली नसती तर मला यातलं निम्मंही मिळालं नसतं. खान्देशातल्या कॉलेजांत भूगोल, भूशास्त्र, पर्यावरण, मराठी, इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच म्हणणं आहे की एक उन्हाळा गावाला द्या. टेप काही फार महाग नसतो.

परवा निघताना आबा म्हणाले, "तू लिखी लेस ते बरं शे. मन्हा पोरेस्नी कधी इचारं नही." माझ्या पोरांनी कधी विचारलं नाही. ते तक्रारीच्या सुरात बोलले नव्हते.

आबा सांगतात की पंच कमिटीच्या वह्या होत्या. कुणाची किती पाळी, कुणाला किती दंड, पाट साफ करायला कोणाच्या घरून किती माणसं आली, सगळं त्यात लिहिलेलं असायचं. आमच्या गावातल्या वह्या कुणाकडे गेल्या ते अजून कळलं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत, आणि त्यांचा शेवट १९२६ साली धुळ्यातच झाला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही तिथे आहे. त्याच जिल्ह्यात पाटाच्या वह्या रद्दीत जाव्यात हे मला सहन होत नाही.

म्हणून विनंती आहे. पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा, कुठल्याही काठावर तुमचं गाव असेल आणि घरात कुणी पाटकरी, हवालदार, पंच होऊन गेलं असेल, तर पेट्या आणि माळे एकदा बघा. वही सापडली तर मला मेसेज करा. मी स्वतः येऊन, तुमच्यासमोर फोटो काढून वही तिथेच परत देईन. फक्त रविवारी सकाळी नको. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, पहाटे मोटर बंद झाली की नऊ नंबरच्या विहिरीत पाणी किती वेळात भरतं ते बघायला मी काठावर असेन.