खाडीचा हिशेब एकेका तळ्यावर होत नाही

नवी मुंबईत ठाणे खाडीच्या काठी असलेल्या नेरुळ, सीवूड्स, बेलापूरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उपग्रहावरून केलेल्या देशव्यापी पाहण्यांना इथली जमीन कळत नाही, इथली पाणथळं माणसानेच केलेली तळी आहेत, पक्ष्यांसाठी शेजारी अभयारण्य आहेच, ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलाचं म्हणाल तर वन अहवालात हिरवाई भरपूर दिसते. म्हणून प्रत्येक भूखंडाचा निर्णय त्या भूखंडापुरताच घ्यावा. जमीन सार्वजनिक आहे, त्यामुळे या म्हणण्याला उत्तर द्यायलाच हवं.

अभयारण्याचा मुद्दा लोकांना लगेच पटतो आणि सगळ्यात जास्त दिशाभूलही तोच करतो. 2015 साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे 1,690 हेक्टरचं आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त कांदळवन, बाकी पाणी आणि चिखल. फ्लेमिंगो खातात ते ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात. दिवसातून दोनदा भरती येऊन तो बुडतो, उधाणाला तर पाय टेकण्याइतकी उथळ जागाही राहत नाही. तिवरांच्या दाटीत हे थवे उतरत नाहीत. मग ते आतल्या पाणथळांवर येतात: नेरुळचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि एनआरआय संकुल यांच्याजवळची पाणथळं, तिकडे उरणचं पाणजे. ओहोटी लागली की पुन्हा खाडीत. पोट भरतं अभयारण्यात, विसावा मिळतो त्याच्या हद्दीबाहेर.

आता भूखंडापुरती पाहणी करणारा माणूस ओहोटीच्या वेळी तळ्यावर गेला, तर त्याला तिथे पक्षी दिसणारच नाहीत. तो अगदी प्रामाणिकपणे ‘जागा रिकामी’ असं लिहील आणि तेवढ्यावर विकास आराखड्यातलं त्या भूखंडाचं आरक्षण बदलेल. खाडीच्या दोन्ही काठांवर, भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून, हंगामामागून हंगाम मोजणी केली तरच हे येणं-जाणं कळतं. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) अभ्यासकांनी अशी मोजणी केली आणि बाहेरची पाणथळंही अभयारण्याशी जोडून सांभाळा, असं सांगितलं. 2022 मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, हा दर्जा मिळाला तोही सुमारे 6,500 हेक्टरांना, म्हणजे अभयारण्याच्या जवळपास चौपट क्षेत्राला.

माणसाने केलेली तळी म्हणजे पाणथळ नव्हे, हे कायद्यात बसत नाही. 2017 च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम दोन्ही येतात. पिण्याचं पाणी, मत्स्यशेती, मीठ, सिंचन, करमणूक अशा ठरावीक कामांसाठी मुद्दाम बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. बांधबंदिस्ती झाल्यावर खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल जमिनीत, साठून राहिलेलं भरतीचं पाणी या यादीत कुठे आहे?

उपग्रहाच्या नकाशाला मर्यादा आहेत, हे खरं. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने केलेला राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रह 1:50,000 प्रमाणावर आहे. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे 500 मीटर. 2.25 हेक्टरपेक्षा लहान पाणथळं त्यात नुसत्या ठिपक्यांनी दाखवली आहेत. पण याच कामातून देशातल्या 2,01,503 मोठ्या पाणथळांची यादी हाती आली, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना संरक्षण दिलं ते या यादीच्या आधारावर. गावोगावच्या सुट्या कागदांवरून असा आदेश निघाला नसता. नकाशा ढोबळ असेल तर जागेवर जाऊन हद्द पक्की करायची असते. तो फेकून देऊन काहीच पक्कं होत नाही.

येऊरबद्दल थोडंच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर 10 टक्के वृक्षछत्र असलं की ते वनाच्छादन. मालकी कुणाची, झाडं कोणती, हे विचारलं जात नाही, फळबागाही त्यात येतात. त्या आकड्यावरून जंगल धड आहे की नाही हे कळत नाही, आणि अहवाल तसा दावाही करत नाही. शिवाय 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, त्यामुळे ठाणे जिल्ह्याचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून वाढ-घट काढणं चूक आहे.

पुढच्या वेळी एखाद्या पाणथळाचं आरक्षण बदलण्यासाठी हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा अर्जात दोन गोष्टी मागा: भरतीच्या वेळेची पक्षीमोजणी, आणि तो भूखंड अख्ख्या खाडीच्या नकाशावर कुठे बसतो याची प्रत. दोन्ही फाइलला जोडल्याशिवाय सुनावणी घेऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहा आणि अर्जाची पोच घ्या.